बर्फाच्या कप्तानासोबत कवठे महांकाळपर्यंत

शिरवळ

आर्क्टिक महासागर कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी सांगते, शिरवळला. हायवे सोडून कारखान्यांच्या रस्त्याला वळायचं, टायरच्या गोदामाशेजारचा जिना चढायचा, पहिला मजला. तिथं अकरा माणसं बसून उत्तर ध्रुवाकडच्या जहाजांना रोज नकाशे पाठवतात: इथं बर्फ आहे, इथं पाणी मोकळं आहे, इकडून जा, तिकडं मरायला जाऊ नका. अकरापैकी एकानंही समुद्रावरचा बर्फ पाहिलेला नाही. समुद्र मात्र सगळ्यांनी पाहिलाय, गणपतीपुळ्याला. त्या अकरांत मीही होते. आता नाही. का नाही, ते पुढं येईलच.

प्रवास कुठला म्हणाल, तर शिरवळ ते कवठे महांकाळ. हसू नका. हा रस्ता तुम्ही शंभर वेळा केला असेल, पण गाडीत बर्फाचा कप्तान आणि पोटात दोन वर्षांचं खोटं घेऊन केला नसेल.

आधी आमचा धंदा समजून घ्या. उपग्रहावरचं रडार स्वतःच खाली किरण सोडतं आणि परत किती आले ते मोजतं. त्यामुळं ढग, धुकं, अंधार, कशाचीच त्याला अडचण नाही. खालचा भाग खडबडीत असला तर किरण उलटून परत येतात आणि चित्रात ती जागा पांढरट दिसते. गुळगुळीत असला तर किरण पुढं निसटून जातात, परत काहीच येत नाही, जागा काळी. पाणी मारलेल्या फरशीवर तिरकी बॅटरी धरून बघा, उजेड तुमच्याकडं येत नाही, समोरच्या भिंतीवर जातो. शांत पाणी म्हणून काळं दिसतं. एवढं कळलं की तुम्ही आमच्या साहेबांइतके तज्ज्ञ झालात.

मी त्यांच्यापेक्षा थोडं जास्त शिकले होते, आणि तिथंच घात झाला. मी राजमती पाटील, सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी. लग्नाचं विचारू नका, ते अख्ख्या सांगलीनं विचारून झालंय. शिरवळला यायच्या आधी मी कृष्णेच्या पुराचे नकाशे करायची, असल्याच रडारच्या चित्रांवरून. तिथं दोनच नियम शिकवले. एक, काळं ते पाणी. दोन, कालचं चित्र बघायचं नाही. पूर तासातासाला चढतो; कालचं बघून आज कुणाला कोरडं म्हणाल तर त्याच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलेलं असतं. हे दोन नियम माझ्या अंगात इतके भिनले की शिरवळला आल्यावरही मी कालचं चित्र उघडत नसे. वर त्याचा मला अभिमान होता.

आता खाडीतला बर्फ घ्या. किनाऱ्याला धरून सपाट गोठलेला, वर लाट नाही, खवले नाहीत. तोही गुळगुळीत, म्हणून तोही काळा. पाणी की बर्फ हे ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कालचं आणि परवाचं चित्र बघणं. डाग तसाच्या तसा जागेवर असेल, कडा हलल्या नसतील, तर तो जमून बसलेला बर्फ. सांगलीच्या बाईनं ते बघितलं नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका खाडीच्या तोंडाशी मला काळं दिसलं आणि मी ते निळं रंगवलं. आमच्या नकाशात निळं म्हणजे मोकळं पाणी. राखाडी म्हणजे किनाऱ्याला जखडलेला बर्फ.

एक जहाज त्या निळ्यात शिरलं आणि अडकलं. सुकाणू वाकलं, नऊ दिवस जागचं हललं नाही. माणसं वाचली हे नशीब. साहेबांनी त्याच दुपारी मला सांगितलं, "राजमती, तेवढं राखाडी करून टाक." मी केलं. नकाशावर तारीख असते, वेळ नसते. फाइलचं नावही तेच. जहाजावरच्या संगणकात जुना नकाशा पुसला गेला आणि नवा बसला. चौकशीत राखाडी नकाशा पुढं आला. कप्तान सांगत राहिला की मला निळं दिसलं होतं, आणि चौकशीवाले त्याला राखाडी दाखवत राहिले. त्याचं जहाज गेलं. माझी नोकरी राहिली, वर साहेबांनी माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं.

तोच कप्तान या सप्टेंबरात आमचा जिना चढून वर आला. जहाज देत नव्हते म्हणून त्याच्या कंपनीनं त्याला टेबलामागं बसवलं होतं, आणि आता आमच्याशी पुढचा करार करावा की नाही हे बघायला पाठवलं होतं. हाल्वर त्याचं नाव. साठीचा, उंच, हळू बोलणारा नॉर्वेचा माणूस. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. इथं ते मराठीत देते, म्हणजे माझ्या इंग्रजीची अब्रू राहील.

त्यानं एका पडद्यावरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

"पाणी!" साहेब म्हणाले. एकदाही नकाशा न काढलेल्या माणसाच्या आवाजात असतो तो आत्मविश्वास.

"किंवा?" कप्तानानं विचारलं.

साहेब हसले. बाकीचेही हसले. 'किंवा' काय ते मला माहीत होतं, पण मीही हसले.

मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. चौकशीच्या अहवालातला नकाशा, राखाडी. कोपऱ्यात काढणाऱ्याची आद्याक्षरं, आर. पी. "हे कोण?"

"रमेश पवार," साहेब क्षणभरही न थांबता म्हणाले. "नोकरी सोडून गेला."

सोडून गेलेल्याच्या माथी मारणं, ही आमच्या कचेरीतली एकमेव चोख पद्धत. रमेश माझ्या शेजारी बसायचा आणि साध्या कॅमेऱ्याच्या फोटोतले ढग वेगळे करायचा. रडारच्या चित्राला त्यानं कधी हात लावला नव्हता. वडील थकले म्हणून तो गावचं दुकान बघायला गेला, एवढीच त्याची कथा. आर. पी. म्हणजे राजमती पाटीलसुद्धा, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना एकदम कामं आठवली.

"त्याला भेटता येईल? मला त्याला एकच गोष्ट विचारायची आहे."

"पत्ताच नाही हो त्याचा," साहेब म्हणाले. आणि मला केबिनमध्ये नेऊन म्हणाले, "पाहुण्यांना कास दाखव, सातारा दाखव, तुझ्या सांगलीला ने. इथं फार बसू देऊ नकोस."

कास

गाडीवर ड्रायव्हर म्हणून संपत होता. सातारा तालुक्यातला, फौजेतून निवृत्त झालेला, तिथून एक मिशी आणि थोडं हिंदी घेऊन आलेला. त्यानं कप्तानाला बघितल्या बघितल्या सलाम ठोकला आणि पुढचं दार उघडलं. "कप्तानसायेब म्होरं बसनार. अक्का, तुमी मागं." मला ते बरंच वाटलं. मागून माणसाची फक्त मान दिसते.

खंबाटकी चढून साताऱ्यात आलो. संपतनं हट्टानं मिसळ खायला घातली. गोरा माणूस लाल होणार, पाणी मागणार, आणि ते पुढची दहा वर्षं सांगायला मिळणार, अशी आमची दोघांची तयारी होती. कप्तानानं शांतपणे कट पिऊन टाकला आणि आणखी मागितला. संपतचा चेहरा पडला. वरून कंदी पेढे खाऊन कप्तान म्हणाला, हे जळालेलं दूध फार छान आहे. यावर मात्र संपत जिल्ह्याच्या वतीनं रागावला.

कास पठारावर फुलांचा हंगाम होता, म्हणजे पोस्टरवर होता. प्रत्यक्षात धुकं. आगाऊ नोंदणी करून, रांगेत उभं राहून, कुंपणाच्या आत गेलो आणि स्वतःचे बूट तेवढे दिसले. आजूबाजूला शेकडो माणसं धुक्याचे फोटो काढत होती. पुण्याच्या एका कुटुंबानं फुलं नाहीत तर निदान गोरा माणूस तरी, म्हणून कप्तानाबरोबर फोटो काढून घेतला. तो मात्र खुशीत होता. "घरी आल्यासारखं वाटतंय," म्हणाला.

आणि तिथं, समोर काहीच दिसत नसताना, तो बोलायला लागला.

"मला त्या माणसावर राग काढायचा नाही. चूक कुणाचीही होते. मला एवढंच विचारायचं आहे, की तू आधी निळं केलं होतंस का?"

मी विचारलं, "का?"

"कारण मला निळं आठवतं. मी पडद्यासमोर उभा होतो, हातात कॉफी होती, खाडीचं तोंड निळं होतं. मग चौकशीत राखाडी दाखवलं. माझा सहकारी म्हणाला, तू नीट बघितलं नव्हतंस. मी दोनदा डोळे तपासून घेतले. डोळे ठीक आहेत. म्हणजे मग दुसरं काहीतरी गेलंय." त्यानं कपाळाला बोट लावलं. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं. नसलेलं आठवायला लागलं. शेवटी ते आईला ओळखत नव्हते. आता माझी बायको माझ्याकडं बघते, चावी कुठं ठेवली हे मला आठवलं नाही तर. बोलत काही नाही. नुसती बघते."

दोन वर्षं मी समजत होते की माझ्यामुळं एका माणसाचं जहाज गेलं. वाईटच, पण कंपन्या, करार, विमा, असल्या मोठ्या शब्दांखाली ते झाकून ठेवता येत होतं. मी त्याचं डोकं त्याच्याकडून काढून घेतलं होतं, हे मला कासच्या धुक्यात कळलं. मला लाज वाटली. आणि तरी मी म्हणाले काय, तर "धुक्यात सर्दी होईल, गाडीत बसू या."

गाडीत कप्तानानं संपतकडं वळून सहज नुसतं नाव घेतलं, "रमेश पवार?"

"रम्या व्हय?" संपत आनंदानं म्हणाला. "त्याचं दुकान हाय की कवठे महांकाळला, ठिबकच्या नळ्यांचं! त्याचं सगळं सामान म्याच टेम्पोतनं पोचवलंय. सांगलीपास्नं घंट्याचा रस्ता. जाऊ की!"

पत्ता नसलेल्या माणसाचा पत्ता असा मिळाला. कप्तानानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी त्याला अर्थ सांगितला आणि म्हणाले, "जाऊ की."

पेठ नाका ते सांगली

दुसऱ्या दिवशी पेठ नाक्याला हायवे सोडला. इथून सांगलीपर्यंत रस्ता असल्याचं नकाशात दाखवलेलं आहे. नकाशे काढणाऱ्यांवर मी एरवी टीका करत नाही.

पावसानं खड्डे भरले होते. प्रत्येक डबकं सपाट, काळं, गुळगुळीत. गणपती बोळवून दोनच दिवस झाले होते. कडेला उतरवलेले मांडव, गुलालाचा लाल चिखल, आणि त्यातून संपत गाडी अशी वळवत होता की कप्तान पुढं वाकून बघायला लागला.

"पाण्याखाली किती खोल आहे हे याला कसं कळतं?"

मी संपतला विचारलं.

"कळत न्हाई," संपत म्हणाला. "म्होरल्या गाडीकडं बघायचं. ती गचकन खाली गेली की आपण डावीकडनं काढायची."

मी ते कप्तानाला सांगितलं. तो हसला, मग हसू गेलं. "आमच्या पुढं गाडी नव्हती," म्हणाला. "पुढची गाडी आम्हीच होतो."

आष्ट्याच्या अलीकडं पुढची मोटारसायकल वळून शेतात गेली, आणि आमच्या पुढंही कुणी राहिलं नाही. दाणकन आवाज झाला. चाक वाकलं. संपतनं खड्ड्याच्या, ठेकेदाराच्या आणि ठेकेदाराच्या आजोबांच्या नावानं जे काय म्हटलं ते मी कप्तानाला सांगितलं नाही. कप्तान बाह्या सरसावून चिखलात बसला आणि दोघांनी मिळून चाक बदललं. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी येत नव्हतं, आणि काम माझ्या कचेरीत जेवढ्या वेळात होतं त्याच्या निम्म्या वेळात झालं. मी रस्त्याकडेला उभी राहून भडंग खात होते. आता सांगावं, इथंच सांगावं, असं तीनदा मनात आलं. तीनदा मी आणखी एक मूठ तोंडात टाकली.

सांगली

आमच्या घरी पाहुण्याला आधी जेवायला बसवतात आणि मग नाव विचारतात. आमचं दहा दिवसांचं उपासाचं पर्व नुकतंच संपलं होतं, त्यामुळं पुरणपोळी होती. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाही. म्हणून आप्पांनी सव्वापाचलाच ताट वाढलं. आप्पा म्हणजे माझे वडील. हळदीचा धंदा माझ्या भावाच्या हाती देऊन आता ते लोकांच्या चुका दुरुस्त करतात.

मी कप्तानाला कारण सांगितलं, तर त्याला फार गंमत वाटली. "आमच्याकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही."

"मग लय सोय हाय की," आप्पा म्हणाले. "दिवसभर खावा."

"आणि थंडीत दोन महिने उगवत नाही."

आप्पांनी घास खाली ठेवला. "दोन म्हैने? आरं देवा. मग पाव्हण्याला वाढ गं राजू, आणखी एक पोळी वाढ." आणि नॉर्वेच्या लोकांची दोन महिन्यांची उपासमार भरून काढायची जबाबदारी एकट्या कप्तानावर पडली. बटाटा नाही, कांदा नाही, लसूण नाही, तरी तो चार पोळ्या जेवला, तुपासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमावणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पर्वानंतर या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. हात जोडायचे, "उत्तम क्षमा" म्हणायचं, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा म्हणायचं. समोरचाही तेच म्हणतो. दोघांचाही हिशोब मिटतो आणि दोघांनाही काय मिटलं ते विचारावं लागत नाही. हल्ली तर फोनवर कमळाचं चित्र येतं, ते पुढं ढकललं की झालं. मी दोन्ही वर्षं ते साहेबांना पाठवलं होतं. ते जैन नाहीत, पण क्षमेचा विषय निघाला की लगेच अंगठा पाठवतात.

सकाळपासून दारात माणसं येत होती. आप्पा प्रत्येकापुढं वाकत होते. शेवटी ते कप्तानापुढं आले आणि हात जोडून सगळं व्यवस्थित म्हणाले. मी अर्थ सांगितला.

"पण आमची ओळख कालच झाली," कप्तान म्हणाला.

"एका दिसात बी माणूस चुकतोय की," आप्पा म्हणाले.

मला एकदम सुचलं. खरं म्हणजे सुचू नये ते सुचलं. मीही पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, "माझ्याकडूनही. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा." झालं. धर्मानं, परंपरेनं आणि वडिलांच्या साक्षीनं सुटका. चौकशी नाही, कागद नाही. असली सोय करून ठेवणाऱ्या पूर्वजांचं मला मनातून कौतुक वाटलं.

कप्तानानं माझ्याकडं नीट बघितलं. "कळत, की नकळत?"

"अं? दोन्ही."

"कशाबद्दल?"

"असंच. सर्वसाधारण."

"आमच्या जहाजाच्या नोंदवहीत सर्वसाधारण असं लिहिता येत नाही," तो म्हणाला. "काय झालं ते लिहावं लागतं. आणि किती वाजता."

तो हसतच बोलला. त्याला काही संशय होता असं मला वाटत नाही. पण माझे जोडलेले हात तसेच राहिले.

आप्पांना इंग्रजी येत नाही, माणसं मात्र वाचता येतात. निघताना मला गाडीपाशी बाजूला घेऊन म्हणाले, "काय बिघडवलंयस गं त्या माणसाचं?"

"काही नाही आप्पा."

"काय न्हाई तर मग तोंड असं का झालंय? हे बघ राजू, ज्याचं खरंच चुकलंय त्याला चूक बोलून दाखवायची असती. बाकीच्यांपुढं आपण नुसता नमस्कार करतोय. सत्तर वर्सं मी नुसता नमस्कारच करत आलोय, म्हणून सांगतोय."

कवठे महांकाळ

मिरज सोडलं की रस्ता एकदम सुधारतो. इथून कवठे महांकाळपर्यंत एकही खड्डा नाही. ज्या दिवशी गाडी बंद पडावी असं मला वाटत होतं, त्याच दिवशी. दंडोबाचा डोंगर हिरवा झालेला, दोन्हीकडं द्राक्षबागा, लांब टेकडीवर पवनचक्क्या. कप्तान प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत होता आणि मी कुठल्याशा भलत्याच बागेची माहिती देत होते. संपत गाणं म्हणत होता.

दुकान पेठेतच होतं. काळ्या नळ्यांची वेटोळी छतापर्यंत. रमेश गल्ल्यामागून उठला. "अक्का! तुमी हिकडं कुटं वाट चुकला? आरं चहा सांगा रं!" तो जाड झाला होता, सुखी दिसत होता. आपल्या नावावर आर्क्टिकमधलं एक जहाज अडकवून ठेवलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

कप्तानानं हात मिळवला, बसला, आणि तो कागद उलगडून गल्ल्यावर ठेवला.

"हा नकाशा तुम्ही काढला. मी त्या जहाजाचा कप्तान होतो. मला तुमच्यावर काही करायचं नाही. फक्त सांगा, हा भाग आधी निळा होता का?"

रमेशनं कागद बघितला. किनाऱ्याजवळ आले की माझी रेघ बारीक दातेरी होते, ती रोज बघणाऱ्याला ओळखू येते. त्यानं कोपऱ्यातली अक्षरं बघितली. मग माझ्याकडं बघितलं आणि मराठीत, अगदी हळू विचारलं, "अक्का, काय म्हनायचं?"

एवढंच. माझं काय असेल ते तो स्वतःवर घ्यायला तयार होता, मी फक्त सांगायचं. आणि मी खाली नळ्यांकडं बघत बसले.

माझ्या गप्प बसण्याचा त्यानं त्याच्या परीनं अर्थ लावला. कचेरी वाचवायची आहे, अक्काची नोकरी वाचवायची आहे. "माझाच आहे," तो इंग्रजीत ठासून म्हणाला. "पहिल्यापासून राखाडीच होता, सर. निळा कधीच नव्हता."

इतक्या चांगुलपणानं कुणी कुणाचा गळा दाबलेला मी बघितला नाही.

कप्तानानं मान हलवली, कागदाची घडी घातली, घडीवरून दोनदा बोट फिरवलं. "आभार," तो म्हणाला. "मला वाटत होतं, पण तसं नव्हतं. बरं झालं, कळलं. आता घरी गेलो की डॉक्टरांना नीट दाखवतो." आणि उठून रमेशशी हात मिळवायला लागला.

"निळा होता," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, जरा मोठाच निघाला. बाहेर चहा घेऊन आलेला माणूस थांबला.

"निळा होता. मी केला. आर. पी. मी आहे, राजमती पाटील. रमेशनं हा कागद आज पहिल्यांदा बघितला. सकाळी साडेदहाला, आमच्या वेळेनं, मी निळा नकाशा पाठवला. काळं दिसलं, पाणी समजले, कालचं चित्र उघडलं नाही. दुपारी सव्वाचारला, तुम्ही अडकल्याची बातमी आल्यावर, मी तोच राखाडी केला. साहेबांनी सांगितलं, पण हात माझा होता. पहिलं नकळत. दुसरं कळत."

रमेश नुसतं "अक्का..." म्हणाला. संपतला इंग्रजी समजलं नव्हतं, पण दारातून तो आत आला आणि टोपी काढून उभा राहिला.

मला वाटलं कप्तान ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो परत खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दोन वर्षं." मग पुन्हा, "दोन वर्षं." मला रडू आलं, आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं, त्यामुळं ते धड येतही नव्हतं.

"लिहून द्याल?" त्यानं विचारलं.

कागद दुकानाचाच होता, वर ठिबक संचाचं चित्र. त्याखाली मी इंग्रजीत सगळं लिहिलं, दोन्ही वेळा घालून, पूर्ण नाव लिहून सही केली. रमेशनं साक्षीदार म्हणून सही केली आणि सवयीनं दुकानाचा शिक्काही मारला, माल एकदा विकला की परत घेतला जाणार नाही, असा. त्या कागदाचा फोटो मी तिथूनच साहेबांना पाठवला. या वेळी अंगठा आला नाही. शिरवळला परतले तोवर माझी खुर्ची रिकामी करून ठेवलेली होती. आता कचेरीत सगळ्यांना आर. पी. कोण ते अचूक माहीत आहे. काहीही बिघडलं की आर. पी.

माफ केलं असं कप्तान म्हणाला नाही, आणि मीही हात जोडले नाहीत. कागद खिशात ठेवून तो दुकानाबाहेर गेला, उन्हात उभा राहिला आणि फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. तो त्याच्या भाषेत एकच लहानसं वाक्य बोलला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला, एक हात डोळ्यांवर धरून. फोन ठेवून तो आत आला तेव्हा चहा गार झाला होता. तो त्यानं तसाच पिऊन टाकला.

न राहवून मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"बायकोला सांगितलं," तो म्हणाला, "निळंच होतं."